तळ्याभोवतीची कॉमेंट्री

सुरुवातीलाच सांगून टाकतो — असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. पिंपळावर मुंजा आहे म्हणून घाबरणाऱ्या पोरांना त्याच पिंपळाखाली उभं करून मी पाढे म्हणून घेतले आहेत. या सदरात दर महिन्याला कुणाला तरी पांढऱ्या साडीतली बाई भेटते, आणि ती नेमकी शेवटची एस.टी. चुकलेल्यालाच कशी भेटते, असं मी बायकोला मोठ्याने विचारत असतो. त्यावर सुमन एकच उत्तर देते, "मग तुमचं लिहा की!" मी गप्प बसतो. कारण माझंही एक आहे... आणि ते तिला माहीत आहे. आज लिहितोय ते तिच्याच आग्रहाने. चुकलंमाकलं तर तिला बोला.

माझ्या गोष्टीत अमावास्या नाही, स्मशान नाही. भर दुपार आहे, पनवेलमधलं एक तळं आहे, एक ट्रान्झिस्टर आहे आणि त्याच्यासकट धावणारा मी आहे.

नातवाकडे कामोठ्याला गेलो की सकाळी रस्त्यावर पोरंपोरी कानात बोंडं खुपसून धावताना दिसतात. नातवाला वाटतं, गाणी ऐकत धावायचा शोध त्यांच्या पिढीने लावला. मी त्याला म्हणतो, बाबा रे, तुझा आजोबा साठच्या दशकात छातीला रेडिओ बांधून पळत होता आणि अख्खं पनवेल त्याला हसत होतं! त्याला खरं वाटत नाही. वर विचारतो, "पण आजोबा, का?"

का... तर अब्रामकाकांमुळे.

अब्रामकाका आणि हन्नाकाकू आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. पनवेलात त्यांची आळीच होती आणि आळीमागच्या तळ्यालाही सगळे इस्राएल तळंच म्हणायचे. बोलणं मराठी, भांडण मराठी, काकूंच्या हातची पुरणपोळी तर आमच्या आईपेक्षा सरस (हे आई गेल्यावरच लिहायची हिंमत होतेय). देवाचं तेवढं हिब्रूत. काका पोस्टातून रिटायर झालेले. उंच, किडकिडीत, नाकावर चष्मा, आणि बोलणं असं मोजूनमापून की प्रत्येक शब्दाला तिकीट लावायचं असावं.

या शिस्तशीर माणसाला एकच वेड होतं. क्रिकेट! मुलगा बोटीवर नोकरीला होता, त्याने त्यांना जपानी ट्रान्झिस्टर आणून दिला होता. चामड्याच्या कव्हरातला, पट्टा असलेला. आमच्या भागात तेव्हा ती मोठी अपूर्वाई. टेस्ट असली की काका खिडकीत, ट्रान्झिस्टर मांडीवर, आणि आम्ही चारपाच जण बाहेर ओट्यावर.

अडचण यायची शनिवारी. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू, तो शनिवारी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत. चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, बटण दाबायचं नाही. आणि टेस्टला तर शनिवार हमखास यायचा! आदल्या दिवशीच चालू करून ठेवावा, तर सकाळपर्यंत सेल बसणार. शिवाय काकूंनी बजावलेलं, "शब्बाथच्या दिवशी माझ्या घरात तो डबा बोंबलता कामा नये." काकूंपुढे काकांचं काही चालत नसे. दुसऱ्याला 'जरा लाव रे' म्हणून सांगणंही काकांना पटत नव्हतं. दुसऱ्याच्या हाताने मोडला तरी नियम मोडलाच, असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा पंचविशीतला. शाळेत विज्ञानाबरोबर कवायतही माझ्याकडेच होती, आणि कवायतीच्या मास्तरला पोरांपेक्षा जास्त दम असला पाहिजे म्हणून मी तळ्याभोवती धावायचो. शनिवारी शाळा सकाळची. सुटली की घरी दप्तर टाकून अर्धी चड्डी चढवायची आणि निघायचं. तळ्याची वाट काकांच्या खिडकीखालूनच जायची.

एका शुक्रवारी, दिवेलागणीच्या जरा आधी, काका आमच्या दारात आले. हातात ट्रान्झिस्टर.

"दिनू, हा आज तुझ्याकडे राहू दे."

"का हो काका, बिघडला?"

"बिघडलेला नाही, म्हणून तर आणला. घरात असला की हात शिवशिवतो." मग थोडं थांबून, चपलांकडे बघत म्हणाले, "उद्या शाळा सुटल्यावर तू धावतोस ना, नेहमीसारखा?"

"धावतो की."

"हं. आता वस्तू तुझ्याकडे आहे. तू तिचं काय करतोस, ते मी कसं सांगणार?"

एवढं बोलून गेले. सुमन आतून हसायला लागली. आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, पण माझ्याआधी तिलाच कळलं. तिने जुन्या पातळाची पट्टी फाडून दिली आणि दुसऱ्या दिवशी ट्रान्झिस्टर माझ्या छातीवर करकचून बांधला.

तर असा मी ऑल इंडिया रेडिओ होऊन निघालो!

धावताना रेडिओ ऐकणं सोपं असतं असं कुणाला वाटत असेल तर तो हल्लीचा माणूस. प्रत्येक पावलाला डबा बरगडीवर आपटायचा, धक्क्याने काटा हलायचा आणि कॉमेंट्रीच्या जागी कुठलं तरी भजन लागायचं. खांदे अजिबात न हलवता धावायचं मी शिकलो ते त्यासाठी. शिवाय रेडिओचं तोंड ज्या दिशेला, तसा आवाज कमीजास्त व्हायचा. आतल्या कांडीच्या एरियलमुळे असं होतं, हे मला शिकवायला ठीक होतं, पण धावताना त्याचा काय उपयोग! तळ्याच्या पलीकडच्या काठाला नुसती खरखर. काकांच्या खिडकीच्या बाजूला वळलं की मात्र आवाज असा स्वच्छ यायचा, जणू मैदान तिथेच होतं.

खिडकीत काका टोपी घालून बसलेले. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. पुस्तक उघडं, पण कान सशासारखे.

त्यांना मिळायची ती मॅच म्हणजे गंमतच होती. "चेंडू उंच गेलाय, खाली क्षेत्ररक्षक..." आणि मी खिडकी ओलांडलेली. पुढच्या फेरीला येईपर्यंत कुणी तरी नवीनच फलंदाज खेळत असायचा. स्कोअर विचारायला त्यांना बंदी नव्हती, त्यामुळे मागून ओरडायचे, "अरे, तो झेल घेतला की सोडला?" मी वळणावरून ओरडून सांगायचो. 'मोठा कर' असं मात्र कधी म्हणाले नाहीत. "आज वारा फार आहे हं, दिनू," एवढंच म्हणायचे. मी पुढच्या फेरीला आवाज वाढवून यायचो.

पहिल्याच शनिवारी काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. ठेंगण्या, गोऱ्या, कमरेवर हात. मी धावता धावताच त्यांचं ऐकून घेतलं, म्हणजे जागच्या जागी पाय हलवत.

"दिनकर, मला काही कळत नाही असं समजू नकोस."

"नाही काकू."

"वाऱ्यावरून कानावर आलेलं मी अडवत नाही. रस्ता सगळ्यांचा. पण खिडकीशी थांबायचं नाही. थांबलास, की तो रेडिओ माझ्या घरात लागला असं मी धरीन. मग तुझा हलवा बंद."

काकूंच्या हलव्यासाठी मी दोन्ही पायांवर काय, हातांवरही चाललो असतो. त्यामुळे थांबायचं नाही, हा नियमच झाला. पुढची काही वर्षं मी तो पाळला. कितीही रंगात आलेला खेळ असो, शेवटचा गडी असो... काका पुस्तकावरून डोळे वर करून असे बघायचे की पाय अडखळायचे. पण आतून काकूंच्या बांगड्या वाजायच्या आणि मी पुढे जायचो.

लोकांना हसायला विषयच मिळाला. शेजारच्या कोन गावाहून भाजी घेऊन येणारी यमुनाबाई तळ्याच्या काठाला पाटी टेकून बसायची. ती एकदा म्हणाली, "मास्तर, तुमी कवापासून धावताव, पन पोचत तर खंयच नाय!" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण शनिवार आला की मला धावल्याशिवाय चैन पडेना. संध्याकाळी चांदण्या दिसल्या की ट्रान्झिस्टर परत करायला जायचो, तेव्हा काका मला समोर बसवून मधल्या मधल्या गाळलेल्या जागा भरून घ्यायचे. मुलं परगावी असलेला तो म्हातारा आणि वडील नसलेला मी. जास्त काय लिहू? माझं फार प्रेम होतं त्यांच्यावर. त्यांचंही होतं, ते पोस्टाच्या पद्धतीने. पोचायचं, पण बोलून दाखवायचे नाहीत.

मग आळीतली घरं एकेक करून इस्राएलला जायला लागली. बोटीवरचा मुलगाही नोकरी सोडून तिकडे स्थायिक झाला, धाकटा आधीच गेला होता. नातवंडं झाली. काकूंचा जीव तिकडे ओढ घेऊ लागला. काका म्हणायचे, "तिथे क्रिकेट खेळत नाहीत." हे ते विनोदाने म्हणतात असं सगळ्यांना वाटायचं. मला वाटायचं नाही. वर्षभर त्या घरात त्यावर वाद झाले. शेवटी काकू जिंकल्या. आजी होत्या, नातवंडांचे फोटो उशाशी घेऊन झोपत होत्या, त्यांना तरी काय बोलणार?

निघायच्या आधीच्या शुक्रवारी काका नेहमीच्या वेळेला दारात आले. ट्रान्झिस्टर दिला आणि म्हणाले, "उद्या परत आणू नकोस."

मी काही तरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आता कुणासाठी लावू काका? खिडकी तर बंद असणार."

"खिडकी बंद झाली म्हणून कुणी रस्ता बदलतं का?" ते म्हणाले. "धावत जा."

घर लगेच विकलं नव्हतं. काकूंनीच म्हटलं होतं, वर्षभर तरी राहू दे. किल्ली आमच्याकडे. मी शनिवारचं धावणं सोडलं नाही. छातीला तोच ट्रान्झिस्टर, तीच वाट. बंद खिडकीखालून जाताना आवाज तसाच स्वच्छ यायचा. सवयीने मी जरा छाती तिकडे वळवायचो, हेही कबूल करतो. सुमनने विचारलं तर सांगायचो, रिसेप्शन चांगलं मिळतं!

पुढच्या हिवाळ्यातला एक शनिवार. टेस्ट चालू होती. कुठली, कुणाशी, ते मुद्दाम लिहीत नाही. तुमच्यातले काही जण लगेच धावफलक काढून बसतील आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. आपली अवस्था वाईट होती. शेवटची जोडी मैदानात होती आणि कशी कोण जाणे, टिकून होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत राहिली तर निदान अब्रू वाचणार होती. मी दोन फेऱ्या मारल्या. पुन्हा खिडकीपाशी आलो... आणि थांबलो.

का थांबलो ते आजही सांगता येत नाही. पायात गोळा आला नव्हता, दम लागला नव्हता. हाक ऐकू आली, गार झुळूक आली — असलं काही झालं नाही. नुसतं वाटलं की आज पुढे जाऊ नये. आत काका नाहीत, बांगड्या नाहीत, मग कुणाच्या भीतीने पळतोय मी? छातीची पट्टी सोडली, ट्रान्झिस्टर खिडकीच्या दगडी कट्ट्यावर ठेवला, त्याचं तोंड बंद फळ्यांकडे केलं आणि खाली भिंतीला टेकून बसलो. डोळे भरून आले होते. भर दुपारी, अर्ध्या चड्डीत, तीस वर्षांचा बाप्या तळ्याकाठी बसून मुसमुसतोय... यमुनाबाईने बघितलं, पण त्या दिवशी काही बोलली नाही.

मी बराच वेळ तिथे बसलो. मध्ये गोलंदाजाच्या बुटाची नाडी सुटली. ती बांधेपर्यंत कॉमेंट्रीवाल्याला बोलायला काही नव्हतं, म्हणून तो बिचारा त्या नाडीवरच बोलत राहिला. नाडी केवढी लांब आहे, दोनदा गुंडाळावी लागतेय वगैरे. मला रडता रडता हसू आलं. काकांना हे फार आवडलं असतं. जेवणाची सुट्टी झाली, जोडी नाबाद राहिली, मी रेडिओ बंद करून घरी आलो. सुमनला काही सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? आणि लाजही वाटत होती.

काही आठवड्यांनी आळीत निरोप आला की अब्रामकाका तिकडेच वारले. ताप आला होता म्हणे. कधी, कसे, तपशील काहीच नव्हता. मी त्या शनिवारी धावलो नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा सुरू केलं.

उन्हाळ्यात हन्नाकाकू आल्या. घर विकायचं होतं. एकट्याच आल्या, आणि आमच्याकडेच उतरल्या. मला त्या ओळखूच येईनात. कमरेवर हात ठेवून उभी राहणारी बाई भिंतीला धरून चालत होती. सुमन त्यांच्या आवडीचं करायची, सोलकढी, माशाचं कालवण. त्या दोन घास खाऊन ताट सारायच्या. रोज. सुमन मला म्हणायची, "काकूंच्या मनात काही तरी आहे. विचारा ना तुम्ही." मला धीर होत नव्हता.

एका रविवारी सकाळी आम्ही तिघं ओट्यावर चहा पीत बसलो होतो. काकूंनी कप खाली ठेवला आणि अचानक विचारलं,

"दिनकर, बुटाची नाडी सुटली म्हणून क्रिकेट थांबतं का रे?"

मीही कप खाली ठेवला. सुमनला वाटलं, काकूंना भ्रम होतोय.

"थांबतं," मी म्हटलं. "का काकू?"

मग त्यांनी सांगितलं. माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्या मध्ये मध्ये थांबत होत्या.

तिकडे गेल्यापासून काका शनिवारी सकाळी खुर्ची घेऊन गॅलरीत बसायचे. समोर नुसती दुसरी बिल्डिंग. तिथे बसून कान देऊन ऐकायचे. मध्येच म्हणायचे, "आला." मग थोडं काही पुटपुटायचे, क्रिकेटचं. मग म्हणायचे, "गेला तळ्यापलीकडे," आणि गप्प. काही वेळाने पुन्हा, "आला." मुलं हसायची. नातवंडं तर 'आला, गेला' म्हणत त्यांच्याभोवती पळायची. काकूंना वाटायचं, सवय आहे बिचाऱ्यांची, जाईल हळूहळू.

"मग आजारी पडले," काकू म्हणाल्या. "तो शनिवार होता. सकाळची वेळ. मुलगा डॉक्टरांना पोचवायला खाली गेलेला. मी एकटीच होते उशाशी. ताप होता, पण डोळे उघडे. म्हणाले, 'आला.' मी म्हटलं, 'हो.' आता माणूस आजारी, त्याला काय नाही म्हणायचं? मग मी वाट बघत बसले, आता 'गेला' म्हणतील. ते म्हणेनात. म्हणेनात! मग माझ्याकडे बघितलं... चोरी पकडल्यासारखं बघितलं रे. आणि म्हणाले, 'आज थांबलाय. तू त्याला काही बोलू नकोस हं.'"

सुमनने माझ्याकडे पाहिलं.

"मी म्हटलं, 'नाही हो बोलणार. ऐका तुम्ही.' मी त्यांचा हात धरून बसले. किती वेळ ऐकत होते! एकदा हसलेसुद्धा. म्हणाले, 'बुटाची नाडी सुटली त्याच्या, ती बांधतोय. दोनदा गुंडाळतोय.' मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, दिनकर. पॅड पायाला बांधतात की डोक्याला, तेही मला ठाऊक नाही! हे मी मनाने कुठून आणणार? मग म्हणाले, 'टिकले.' आणि डोळे मिटले. मुलगा जिना चढून आला तेव्हा..."

काकूंनी पदराने तोंड पुसलं.

मग म्हणाल्या, "मुलं म्हणतात, ताप डोक्यात गेला होता. डॉक्टरही तेच म्हणाले. बाबांना कळत नव्हतं काही. पण नेलं मी ना त्यांना? त्यांना यायचं नव्हतं. मी हट्टाने नेलं. सगळी रात्र मी हाच विचार करते, माझा माणूस परक्या मुलखात, भ्रमात गेला का? माझा हात हातात असून एकटाच गेला का?" मग माझा दंड धरला. "आधी कधी थांबला नाहीस तू. मीच बंदी केली होती. म्हणून विचारते. खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस. थांबला होतास का तू?"

शनिवार तोच होता. आम्ही नंतर तारीखही लावून पाहिली. आपल्याकडे जेवणाची वेळ झालेली असते तेव्हा तिकडे सकाळ असते, हे मी भूगोलाच्या तासाला उगाच नाही सांगितलेलं. पण तेव्हा तारीखबिरीख काही मनात आलं नाही. मला काकूंचं तोंड तेवढं दिसत होतं.

"हो काकू," मी म्हटलं. "थांबलो होतो. रेडिओ खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता. तोंड आत करून."

"आणि नाडी?"

"सुटली होती. दोनदा गुंडाळली."

काकूंनी माझा दंड सोडला नाही. आळीतून कुणी तरी सायकलवरून गेलं, त्याने हाक मारली, आमच्यापैकी कुणी ओ दिली नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जुन्या हन्नाकाकू आल्या.

"थांबायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना तुला?" त्या मला दटावत म्हणाल्या, आणि दटावता दटावता त्यांना रडू फुटलं, आणि रडता रडता हसायला लागल्या. सुमनने त्यांना जवळ घेतलं. तिच्या खांद्यावरूनच त्या मला म्हणाल्या, "म्हणजे ते शुद्धीत होते. दिनकर, ते इथून गेलेच नव्हते रे. माझ्यापाशी नुसते बसायला येत होते."

एवढीच गोष्ट. पुढे काकूंनी घर विकलं, त्या नातवंडांकडे परत गेल्या आणि पुष्कळ वर्षं जगल्या. त्या घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे.

मी विज्ञानाचा माणूस असल्यामुळे प्रश्न विचारायचं सोडलं नाही. लहरी समुद्र ओलांडून जातात हे मला मान्य आहे, पण त्या पकडायला यंत्र लागतं, आणि काकांच्या उशाशी यंत्र नव्हतं. शब्बाथला काकूंनी ते लावूही दिलं नसतं. तापात माणूस काहीही बरळतो, ठीक. योगायोग असतात, तेही ठीक. पण मी थांबलो होतो हे माझ्याशिवाय एका यमुनाबाईला ठाऊक होतं, आणि ती काही इस्राएलला कळवायला गेली नव्हती. नाडीचं म्हणाल तर ती कुठल्या पेपरात छापून आली नाही, मी शोधलं. कॉलेजातल्या एका फिजिक्सच्या प्राध्यापकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "मग मॅच वाचली का?"

मला उत्तर सापडलेलं नाही, आता या वयात सापडेल असंही वाटत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. मी ऐकेन, वादही घालीन.

मला पक्कं माहीत आहे ते एवढंच, की त्या रविवारी दुपारी जेवताना सुमन काकूंच्या ताटातलं उरलेलं उचलायला म्हणून गेली, तर ताट रिकामं होतं. काकू म्हणाल्या, "सुमन, अजून थोडा भात वाढ गं. भूक लागलीय."